सशाचे कापलेले दात

दादा, तुम्ही हयात होता तेव्हा मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. औशाच्या जनावरांच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर, आणि दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आई, तुम्ही आणि मी. काही सांगायचं असलं तर खिडकीतून हाक मारली की झालं. बैलांच्या खुरांना पट्ट्या बांधणारा माणूस घरी ससे पाळतो, याचं गावाला हसू यायचं. "खायचे न्हाईत, इकायचे न्हाईत, मग कशाला?" असं कुणी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "बघायला." सरकारी फार्मवरून पांढऱ्या सशांची पहिली जोडी तुम्ही एसटीत मांडीवर टोपली ठेवून आणली होती. भरल्या अंगाचा, ताठ कानांचा, परीक्षकानं चष्मा पुसून पुन्हा बघावा असा ससा आपल्या घरी निपजावा, एवढंच तुम्हाला हवं होतं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. एकेका कागदासाठी उस्मानाबादला जाणारे लोक आता लातूरला जायचे आणि "आपला जिल्हा" म्हणताना उगाच छाती काढायचे. पण पाऊस रुसला होता. टँकरपुढे आई तासन्‌तास उभी राहायची आणि घरी येऊन पिंजऱ्यांकडे बघायची. "माणसाला पाणी न्हाई अन् तुमच्या सशांना गारवा पायजे," म्हणाली एकदा. तिचं खोटं नव्हतं. ससा उन्हाळ्यात तहानेच्या आधी उकाड्यानेच मरतो. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गोणपाटावर उभे राहून अंघोळ करायला लागलात, बिनसाबणाची, दीड तांब्यात. अंग धुतलं की तेच ओलं गोणपाट पिंजऱ्यावर टाकायचं. आई हसली, आणि मग तीही तशीच करायला लागली. त्या उन्हाळ्यात आपला एकही ससा गेला नाही.

पुढचा पावसाळाही कोरडाच गेला. तुमची ड्युटी जनावरांच्या छावणीवर लागली. तुम्ही पंधरा-पंधरा दिवस घरी नसायचात. मी बारावीला होते आणि ससे माझ्यावर सोपवलेले होते. आपल्याच घरी जन्मलेला एक नर त्यावेळी ऐन भरात आला होता. कापसासारखा, अंगाने गोल. हिवाळ्यात लातूरला नव्या जिल्ह्याचं पशुप्रदर्शन भरणार होतं आणि त्यात त्याला उतरवायचं ठरलं होतं. चारजणांनी त्याची पिल्लं आधीच सांगून ठेवली होती. प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी त्याला घास देताना मला दिसलं, की त्याचे खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येऊन राहिलेत. ही खोट रक्तातून उतरते, असे दात झिजत नाहीत, वाढतच राहतात आणि सशाला खाता येईनासं होतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी छावणीवर निरोप पाठवला नाही. दवाखान्यातली छोटी कातरी आणली, त्याला मांडीत घट्ट धरलं आणि दात कापून सारखे केले. त्याने नुसतं नाक हलवलं.

लातूरच्या मैदानात मंडपाच्या टोकाला, कोंबड्यांच्या पलीकडे, सशांचं टेबल होतं. तुम्ही छावणीवरून थेट आलात, धोतराला अजून कडब्याची काडं चिकटलेली. परीक्षक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी कान पाहिले, तळपाय पाहिले, पाठीवरून उलटा हात फिरवला, ओठ वर करून दात पाहिले. "झकास," म्हणाले आणि पहिल्या नंबरचं कार्ड उचललं. तुम्ही कौतुकाने वाकून बघत होता. तुमचं हसू तिथेच थांबलं. आयुष्यभर खुरं आणि शिंगं कापलेल्या माणसाला कापलेली कड कळणार नाही तर कुणाला?

"कापले का गं?" तुम्ही हळूच विचारलंत.

मी मान डोलावली.

"साहेब, थांबा जरा," तुम्ही म्हणालात. "दात कापलेले हायत. खोट हाय त्याला. आमच्याकडून चूक झाली."

डॉक्टरांनी एकदा तुमच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कार्ड परत ठेवलं. जमलेली माणसं कुजबुजली. त्या वेळी मला तुमचा इतका राग आला, दादा! औशापर्यंत एसटीत मी खिडकीबाहेर बघत रडत राहिले. गाव जवळ आल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "कार्ड घेऊन आपण घरी आलो असतो, बाई. पण त्याची पिल्लं चार घरी गेली असती. तिथं ती उपाशी मेली असती, अन् त्या लोकांना कळलंबी नसतं का मेली." मग टोपलीचं झाकण उघडून तुम्ही त्याच्या कपाळावर बोट फिरवलंत.

पिल्लं सांगितलेल्या चौघांच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन आलात. नराला मादी कधी दाखवली नाही, पण टाकलंही नाही. दर तीन आठवड्यांनी तुम्ही त्याचे दात कापत राहिलात आणि तो चांगला म्हातारा होऊन गेला. पुढच्या प्रदर्शनात आपल्या एका मादीला तिसरा नंबर मिळाला. तेच डॉक्टर होते. त्यांनी दात न बघताच ओठ सोडला तेव्हा तुम्हीच म्हणालात, "बघा की साहेब."

आता मी लातूरला असते. गच्चीवर सावलीत अकरा पिंजरे आहेत. नवीन माणसं विचारायला येतात. आज सकाळी अहमदपूरच्या एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांना एकदम दहा ससे हवे होते. मी म्हटलं, एक जात धरा, दोन माद्या आणि एक नर, पुष्कळ झाले. पिंजरा आधी करा, ससा नंतर आणा. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या, त्याला तिच्याकडे नेऊ नका, ती फाडून काढते. कान धरून उचलू नका. रोज थोडा वेळ टेबलावर ठेवून हाताची सवय लावा, केस गळत असतील त्या महिन्यात प्रदर्शनाचं नाव काढू नका. आणि दात. दातांवर मी बराच वेळ बोलले. खोट सापडली तर लपवू नका, म्हटलं, आणि लातूरच्या मंडपातली सगळी हकिगत सांगितली. त्या वही मिटून म्हणाल्या, "त्या मुलीचे वडील मोठे माणूस होते." मला फार बरं वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते. हकिगत सांगताना मी म्हटलं होतं, "माझी एक मैत्रीण होती."