गायीचा चतकोर

लोणार, ५ ऑगस्ट २०२४

ती. बाबांस,
छायाचा सा. नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र. आपण जे खातो त्याने आपली तब्येत, जनावरं आणि शेतं कशी बदलतात, हे सध्या वर्गात शिकवते आहे. ज्वारीची चार कणसं, कडब्याची एक पेंढी आणि आईच्या कपिला गायीचा फोटो पाठवाल? आई भाकरीचा पहिला चतकोर तिला द्यायची, हे मुलांना सांगून ठेवलंय.

मी मात्र खोलीवर एकटीसाठी रांधायचा कंटाळा करते. पाकिटातल्या शेवया उकळते. मुलांना कळू देऊ नका!

तुमची,
छाया

साखरखेर्डा, १४ ऑगस्ट

चि. छायास अनेक आशीर्वाद.

वा मॅडम! पोरांना भाकर आणि स्वतःला शेवया?

ज्वारी नाही बेटा. घरात भाकर थापणारी तुझी आईच. ती गेल्यावर मी पोळ्यांचा डबा लावला. मग ज्वारी कोणासाठी पेरू? सगळं सोयाबीन केलं. ज्वारी गेली, कडबा गेला. विकतच्या चाऱ्यावर गाय किती दिवस ठेवणार? उन्हाळ्यात कपिला मेहकरच्या भागवतला देऊन टाकली. तुला सांगवलं नाही. गोठ्यात आता सायकल असते. संध्याकाळी घर खायला उठतं.

तुझ्या शिकवण्यात बसत असेल तर हेच सांग.

तुझा,
बाबा

लोणार, २६ ऑगस्ट

ती. बाबांस सा. नमस्कार.

सांगितलं. फळ्यावर भाकर, ज्वारी, कडबा, गाय असं ओळीने लिहिलं. काजल नावाची पोर विचारू लागली की आजी गेली त गाय काऊन गेली. मग मी भाकरीच्या आधी ‘आजी’ लिहिलं. तुम्ही एकटे आहात हे ठाऊक होतं. इतके एकटे आहात हे ठाऊक नव्हतं.

दिवाळीआधी विहिरीजवळच्या पट्टीत ज्वारी पेरा. पीठ ताजं दळायचं, उकळत्या पाण्यात भिजवायचं, खूप मळायचं. थापताना घाई नको. आईने मला असंच शिकवलं होतं. मीही आजपासून थापते.

तुमची,
छाया

साखरखेर्डा, ९ मार्च २०२५

चि. छायास आशीर्वाद.

ज्वारी घरात आली. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा भाकर थापली. गोल नाही झाली, पण फुगली. सवयीने पहिला चतकोर मोडला आणि गोठ्याकडे गेलो. सायकल पाहिली तेव्हा भानावर आलो. मग तिथेच बसून तो चतकोर मीच खाल्ला. फार रडू आलं.

कडबा रचून ठेवलाय. भागवत म्हणतो, चारा असेल तर कपिलेले घेऊन जा. येत्या सोमवारी आणतो.

भाकरीचा अंदाज मात्र अजून येत नाही. गायीचा चतकोर धरूनही रोज एक उरते. शनिवारी अर्धी शाळा असते ना? एसटी सुटायच्या आत निघ. मी तवा ठेवतो.

तुझा,
बाबा