नखाएवढा पापुद्रा

मंगळवार, १२ मे

चूक माझीच. शेजारच्या सुमनकाकूंना माळ्यावर नवऱ्याच्या गाण्याची तबकडी सापडली, पत्र्यावर काळा थर चढवून त्यात गाणं कोरलेली, जुन्या पद्धतीची. काका गेले, तरुणपणी रेल्वे क्लबात त्यांनी गायलेलं रॉकाबिली, म्हणजे गिटारवरचं जुनं अमेरिकन ठेक्याचं गाणं, आता एवढ्या एकाच तबकडीवर उरलंय. कॉम्प्युटरवर उतरवायला काकूंनी ती माझ्याकडे दिली. उन्हाने वाकू नये म्हणून मी ती दिवसभर कूलरसमोर ठेवली. काय अक्कल! ओल लागून काळा थर सुटला, नखाएवढा पापुद्रा हातात आला. आता सुई ठेवायचीही भीती वाटते. उरलेला थरही सोबत निघाला तर?

काकूंना अजून सांगितलं नाही. मघाशी दारातूनच म्हणाल्या, "उद्या ऐकाले येईन गा. गाण्यात त्यायनं माह्यं नाव घेतलं हाय."

पापुद्रा डबीत ठेवलाय. नेमकं ते नाव त्याच्यावरच असलं तर?