अठरा श्वास

प्रिय दादा,

आईला जाऊन महिना झाला. फोनवर तू दरवेळी म्हणतोस, "तू तिच्याजवळ होतीस, म्हणून मी निर्धास्त होतो." ते ऐकलं की मी विषय बदलते. पाठवायचा धीर होणार नाही हे ठाऊक असूनही आज खरं लिहिते.

ऑपरेशननंतर आई माझी ड्यूटी असलेल्याच वॉर्डात होती. त्या सकाळी ती म्हणाली, "श्वास पुरत नाही गं." मी ताप पाहिला, बीपी घेतलं. नाडी जरा जलद होती, बाकी ठीक. "शीण आहे, पडून राहा," म्हटलं. श्वास मोजायचे तर छातीकडे बघत पूर्ण मिनिट उभं राहावं लागतं. वॉर्डात तीस पेशंट आणि आम्ही दोघीच सिस्टर. मी न मोजताच तक्त्यावर अठरा लिहिलं, म्हणजे नॉर्मल. घाईत आम्ही सगळ्यांचेच अठरा लिहितो. दुपारी बारा वाजताही तेच लिहिलं.

दोनला पाळी बदलली. नव्या सिस्टरनं मिनिटभर मोजलं आणि ओरडली, "अहो, चौतीस आहेत!" डॉक्टर धावत आले. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. चारला आई गेली.

"अचानक झालं, कुणाच्या हातात नव्हतं," डॉक्टर म्हणाले. ते माझ्या आकड्यांवर विसंबून बोलत होते. मी मान डोलावली.

आई शेवटचं काय बोलली, असं तू विचारलंस. तुझी आठवण काढली, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. बाराला तिला धाप लागली होती, तरी मला म्हणाली, "जा बाई, तुला कामं असतील."

आणि मी गेले.

तुझी,
धाकटी