राहिलेली सुई

आई, तुझा नवरा माझं ऐकत नाही. चिडून लिहितेय, तेव्हा भाषा गोड नसेल. महिना होत आला, बाबांना कुत्रा चावला. त्या सकाळी बागेत काजूच्या बिया वेचायला गेले, तर करवंदीच्या जाळीमागून पाच-सहा कुत्री आली. बाबांनी काठी उगारली, हाड हाड केलं. तुझ्या वेळची कुत्री असती तर शेपूट घालून पळाली असती. ही जागची हलली नाहीत. एकाने पोटरी धरली. बाबा कसेबसे बागेच्या गडग्यावर चढले आणि शेजारची काकी ओरडत येईपर्यंत त्या दगडांवर बसून राहिले. आणि मला फोनवर काय सांगितलं? काटा लागला. खरं ते काकीने कळवलं, म्हणून मी ओरोसहून मिळेल ती एसटी धरून आले.

तुझ्या वेळी कुत्रा कुणाचा तरी असायचा. चावला तर जाऊन भांडायला एक दार होतं. आता मे महिन्यात मुंबईकरांची मुलं पिल्लांना बिस्किटं भरवतात, पुढे घराला कुलूप लागतं आणि पिल्लू रानात जातं. चिकनवाला आतडी व्हाळाच्या पाण्यात फेकतो, त्यावर ती पोसतात. काकीची पाडी त्यांनी दाव्यालाच फाडली. पंचायतीत गेले तर म्हणाले वर विचारा, वर गेले तर म्हणाले पंचायतीत विचारा. मी स्वतः सरकारी नोकरीत, ही वाक्यं मला पाठ आहेत, तरी डोकं फिरायचं ते फिरलंच.

पण कुत्र्यांपेक्षा मला बाबांनी जास्त छळलं. आधीच्या सुया मी अक्षरशः हाताला धरून नेऊन टोचून आणल्या. शेवटची राहिली, तर म्हणतात, "जखम सुकली मगे. आता सुई कित्याक? वरच्या वाडीतलो वैद मुळी देता, ती घेतंय." रेबीज एकदा उठला की माणूस वाचत नाही, हे सांगून सांगून माझा घसा बसला. त्यावर उत्तर एकच. "माका काय होणा नाय गो."

मी दुसरीत असताना मला कुत्रा चावला होता, आठवतं? तू चुलीवरची पेज तशीच टाकून उठतेस, विहिरीवर नेऊन साबणाने माझा पाय घासतेस, मी भोकाड पसरते तर वर एक चापट देतेस. बाबा तेव्हाही मुळी आणायलाच निघाले होते. "तुमी रवा घरात. चेडू माझा आसा," एवढंच म्हणालीस आणि मला काखोटीला मारून कट्टा गावच्या थांब्यावर आलीस. मालवणला पोटात सुई टोचली, येताना तू गुळाचं खाजं घेऊन दिलंस. बाबांनी त्यावर चकार शब्द काढला नाही. तुझ्यापुढे मुकाट आणि माझ्यापुढे वकील, हे कसं काय गं?

शेवटी काल सकाळी मी खोटं बोलले. अंथरूण गुंडाळता गुंडाळता म्हटलं, "आये सपनात इल्ली. रागात होती. म्हणाली, त्येंका सांग, सुई घेवा."

बाबा उठले, धुतलेला सदरा घातला आणि माझ्या आधी थांब्यावर जाऊन उभे राहिले. सुई घेतली. मी सुटले. परतताना एसटीत खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "बरी आसा मा ती?"

"बरी आसा," मी म्हटलं.

"माझ्या सपनात कदी येवक नाय," ते म्हणाले.

काल दिवेलागणीलाच ते जेवून आडवे झाले. आज सकाळी मी चहा दिला तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि 'येवक नाय' अशी नुसती मान हलवली. आई, तू माझ्याही स्वप्नात कधी आलेली नाहीस. हे त्यांना सांगायचं माझ्याने होत नाही.