टाकी भरली का, लताताई?

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

झालं! चिंचझरीच्या पाणी योजनेचं मूल्यमापन माझ्या गळ्यात पडलं. अमेरिकेत बॉथेलच्या आमच्या मराठी मंडळाने वर्गणी काढून विदर्भातल्या या गावात टाकी बांधली, घरोघर नळ दिले, त्याला वर्ष झालं. अध्यक्ष जगन्नाथकाका म्हणाले, "मीनाक्षी, तू कंपनीत क्वालिटी बघतेस ना? मग हेही बघ!"

१५ मार्चला सगळ्यांसमोर सांगायचं, काय जमलं आणि काय शिकलो. त्यावरून शेजारच्या माळखेडीला योजना द्यायची की नाही ते ठरणार. तिथल्या बायका अजून हंडे घेऊन टेकडी चढतात. त्यांना पाणी मिळायलाच हवं. बस्स.

२५ फेब्रुवारी

केदारने टाकीत सेन्सर बसवलाय. नवरा सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पाण्याची पातळी इथे सगळ्यांच्या फोनवर दिसते. हल्ली नवलाई ओसरल्यामुळे कोणी बघत नाही. आज उघडून बघितलं तर टाकी नोव्हेंबरपासून रिकामी! शनिवारी गावाला फोन लावते.

१ मार्च, शनिवार

पंप सांभाळणाऱ्या लताताईंना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी फोन नळाकडे फिरवला—धो धो पाणी!

"सेन्सर मीच काढून ठेवला," म्हणाल्या. "टाकी जरा उतरली की तुमचा फोन. टाकी भरली का, लताताई? तुमची जेवणाची सुट्टी तेव्हा आमची मध्यरात्र! पंप कधी लावायचा ते आम्ही बायका मिळून ठरवतो ना."

मी खो खो हसले. पण खरंच, काय हा आमचा आगाऊपणा! मीटिंगमधून बाहेर येऊन लोक टाकी बघायचे. आमच्याच घरात टाकी आधी कोण बघतं याची चढाओढ.

आणि गाव? वर्षभरात एक दिवस पाणी चुकलेलं नाही. नळ गळला तर बायका स्वतः वायसर बदलतात. मला इतका अभिमान वाटला की दुपारभर घरात गुणगुणत होते.

४ मार्च

केदारला सांगितलं. "यार, किती विकेंड घातले मी त्यात!" एवढंच बोलला आणि डिशवॉशर लावत बसला. वाईट वाटलं. साबुदाण्याची खिचडी केली. खाल्ली आणि लॅपटॉप उघडून बसला.

९ मार्च

काकांचा फोन. "सेन्सरचं कशाला सांगतेस? लोक बिथरतील. माळखेडी कॅन्सल होईल."

म्हटलं, "काका, न सांगता तिथेही तेच केलं तर?"

"बघ बाई!" म्हणाले आणि फोन ठेवला. आता धाकधूक.

१५ मार्च, शनिवार

सांगून टाकलं! आधी जमलेलं सगळं सांगितलं, टाळ्या घेतल्या. मग म्हटलं, "आपण शिकलो ते एवढंच—गाव योजना नीट चालवतंय आणि आपण उगाच पहारा देत होतो. पुढच्या गावात सेन्सर नको."

काका छताकडे बघत होते. माळखेडी गेली, असंच वाटलं मला.

तेवढ्यात केदार उठला. "सेन्सर माझा होता. मीनाक्षी बरोबर बोलतेय. मी पण सारखा फोन करायचो, सॉरी."

मग एकेक हात वर झाला. काकांचाही! माळखेडी मंजूर!!

नवऱ्याचा भयंकर अभिमान वाटतोय. त्याला अजिबात सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

१९ मार्च

मंजुरीचं कळवलं होतं, त्यावर लताताईंचा व्हॉइस मेसेज आला. माळखेडीला आपली योजना नको! लताताई आणि चिंचझरीच्या बायका दिवाळीपासून तिथे जाऊन शिकवतायत, आपल्या चुकांसकट. माळखेडीच्या बायकांनी ग्रामसभा हलवली, सरकारी योजना मंजूर करून घेतली. कालपासून खोदकाम सुरू. "तुम्ही फक्त नळ सोडायला या, ताई."

ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. आता पेढे आणायला निघालेय—नकार मिळाला म्हणून!