कापणीची सावड

ता. ३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजी गेल्यावरची ही तुझी पहिली कापणी. वीस माणसं तुझ्या शेतात येणार, मग त्या विसांच्या शेतात महिनाभर वाकून तू ती सावड फेडणार, हे मनाला पटेना. म्हणून परवा कापणीचं यंत्र पाठवतो आहे. विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा मी. कुणी जिना चढताना दिसलं तरी मला माझा अपमान वाटतो. तू आपली बांधावर बसून बघ.

लोभ आहेच, या खेपेला थोडं कौतुकही असू दे.
तुझा धाकटा

ता. ९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, कान हाताशी असता तर एक पिळाही.

यंत्रानं दोन तासांत शेत भुंडं केलं. मी बांधावर बसले. खोटं कशाला बोलू, पहिला तासभर राणीसारखं वाटलं. येणाऱ्याजाणाऱ्यांना हात हलवून दाखवला, एवढी शेफारले.

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन सुताराच्या शेतावर गेले. कुणी कधी कुठं जायचं ते सुईणकाकू ठरवतात. त्या म्हणाल्या, तुझ्या शेताला आमचा हात लागला नाही, मग तुझा आम्ही कसा घ्यावा. आराम कर, बाई. मायेनंच म्हणाल्या, त्यामुळे भांडताही येईना. आता तीच भांडी तिसऱ्यांदा घासतेय. शेतातलं हसणं घरात ऐकू येतं, कशावर हसतात ते मात्र कळत नाही.

तब्येतीला जप, अकलेलाही.
तुझी ताई

ता. २० नोव्हेंबर

ती. ताईस,
कमरेत वाकता येत नाही, म्हणून हा नमस्कार झोपूनच.

गावाहून सुखरूप परत पोचलो. सुईणकाकूंशी काय बोलणं झालं ते तिथं असताना सांगितलं नाही, आता लिहितो. चूक माझी, ताईच्या जागी मला राबवा, असं म्हणालो. त्यांनी माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, हे हात माणसांत धरायचे की पाहुण्यांत? तरी घेतलं.

माझी एक ओळ कापून होईतो सुताराची सत्तरीची आई चार ओळी कापून, पाणी पिऊन, मला बघायला परत यायची. तिसऱ्या दिवशी बोट कापलं, तर कापणीच थांबली, इतकी करमणूक. पण चौथ्या दिवशी सुतार सांगू लागला, दाजी कापताना बेसूर गायचे आणि सगळे त्यांना गप्प करायचे. बोलता बोलता तो विळा ठेवून खालीच बसला. ताई, ही माणसं तुझ्या शेतात दाजींसाठी येणार होती. मी त्यांना यंत्र दाखवलं.

तुला परत घेतील का, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

लोभ आटला असेल तर थेंब थेंब तरी असू दे.
तुझा धाकटा

ता. २६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, आणि कमरेला शेक घे.

आज सकाळी सुईणकाकू दारावरून ओरडत गेल्या, शिंप्याच्या शेतात माणूस कमी आहे, भाऊ मोडका निघाला म्हणून बहिणीनं घरात तोंड लपवून बसायचं का? येतेस का, असं विचारलंसुद्धा नाही. मी चहा अर्धा टाकून धावले. पेंढ्या सैल बांधते म्हणून दिवसभर तिघाचौघांची बोलणी खाल्ली. महिन्यात इतकं पोटभर काही खाल्लं नव्हतं.

तुझी ताई