काटेसावरीचा कापूस

रविवार, २६ एप्रिल. संध्याकाळ.

शेजारच्या आक्का आज झाड तोडायचं काहीच बोलल्या नाहीत!

दर उन्हाळ्यात आमच्या दारच्या काटेसावरीची बोंडं फुटतात आणि कापूस त्यांच्या गच्चीवरच्या ओल्या कुरडयांना चिकटतो. परवा ताट घेऊनच आल्या. "ह्या कुरडया हायत व्हय? म्हाताऱ्याच्या मिशा दिसायल्यात! तोड ते झाड." मी हसले, पण धास्तावलेही. या खेपेला ह्यांनीसुद्धा "तोडूया" म्हटलं होतं. फाल्गुनात एकही पान नसतं आणि लाल फुलांवर मैना भांडत असतात. झाड ठेवायला एवढं कारण पुरतं का? मला पुरतं.

आज आक्का रिकामी पिशवी घेऊन आल्या. लेकीचे दिवस भरत आलेत. "बाळाच्या उशीला सावरीचाच कापूस पायजे की गं." अंगणात बसून दोघींनी बिया काढल्या. पिशवी अर्धीच भरली. "ऱ्हाऊ दे झाड, अजून बोंडं फुटायचीत," म्हणाल्या.

"आणि कुरडया?"

"वाळवीन की पंख्याखाली!"

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. केसांत कापूस तसाच आहे, बघून विचारतीलच.